करवंदपाड्याचा वाघ कुठवर पळाला

प्रकरण पहिले : प्राचीन काळ

सुरगाण्याच्या पुढे डोंगर उतरला की गुजरात लागते. ते जिथे लागते तिथे करवंदपाडा आहे. गाव महाराष्ट्रात की गुजरातेत, हा प्रश्न प्राचीन काळी नव्हता. विचारायला कोणी येतच नव्हते.

प्रकरण दुसरे : मध्ययुग

उपलब्ध नाही. रस्ता नसल्याने ते गावापर्यंत पोचले नाही.

प्रकरण तिसरे : पुंजा

मागचा पावसाळा सरल्यावर गावाने ठराव केला, नाल्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, बांधा, नाहीतर आम्ही गुजरातेत जातो. पुंजाचा त्या फरशीत जीव अडकला होता. त्याची लेक मोहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस आषाढात भरणार, आणि दवाखाना नाल्यापलीकडे. आषाढातला नाला बैलालासुद्धा उचलतो.

नाशिकहून सीमानिश्चिती कक्षाचे सावळीराम साहेब आले. नाला ज्याच्या हद्दीत, फरशी त्याने बांधायची, असे नियमात होते. हद्द कुठे आहे, तेवढेच नियमात नव्हते.

"गावाची हद्द कशावरून ठरते?" साहेबांनी विचारले.

"वाघावरनं," मंगळू भगत म्हणाला.

वाघबारशीला पुंजा अंगावर चुन्याचे नि कोळशाचे पट्टे ओढून वाघ व्हायचा. सगळे गाव काठ्या घेऊन त्याच्या मागे. "आमच्या शिवारी येशील का?" "नाय येणार, नाय येणार." वाघ दमून बसेल तिथे गावाची शीव. पुंजाच्या आधी त्याचा बाप पळायचा. अलीकडे पुंजाचे गुडघे धरले होते, त्यामुळे गाव दरसाल थोडे आखडत चालले होते.

"उत्तम," साहेब म्हणाले. "शासकीय पाठलाग घेऊ. मार्च संपायच्या आत."

"वाघबारस दिवाळीत असते साहेब. आत्ता कसा वाघ निघंल? देव काय म्हणंल?"

"निधी परत जातो, भगत. देव थांबतो."

प्रकरण चौथे : शासकीय पाठलाग

अलीकडच्या काठावर सावळीराम साहेब खुर्ची टाकून बसले, पलीकडच्या काठावर गुजरातचे अधिकारी कुंदनभाई. शहरांमध्ये दोन्ही राज्यांची माणसे एकेका इंचासाठी घसा फोडत होती. नाला मात्र दोघांनाही नको होता. नाला घेतला की फरशी आली.

"पुंजाकाका," पाठलागाआधी सावळीराम साहेबांनी त्याला बाजूला घेतले, "गुडघे दुखतात ना तुमचे? मग काठावरच बसा. नाला पडू दे त्यांच्या गळ्यात."

कुंदनभाईंचा निरोप तर आदल्या दिवशीच आला होता. इकडे फाफडा नि चहा ठेवलाय, काका, नाला ओलांडूनच बसा.

भागीबाई नवऱ्याला दोराची शेपटी बांधत होती. "कुठं बी बसा," ती म्हणाली. "फरशी घेऊन या म्हंजे झालं. नायतर आषाढात पोरीला ह्याच शेपटीला बांधून न्याल."

पुंजा पळाला तो विचार करून पळाला. दोन भावांच्या शेतांमधला बांध दोघांचा असतो, त्याला ठाऊक होते. निम्मे कुंपण हा घालतो, निम्मे तो. मग तो काठावर थांबला नाही, पलीकडेही गेला नाही. नाल्याच्या बरोबर मधोमध जाऊन घोटाभर पाण्यात बसला.

"उठा काका," दोन्ही काठांवरून एकदमच आवाज आले.

"बसलेला वाघ उठवत नसत्यात," मंगळू म्हणाला.

"निम्मी तुम्ही बांधा," पुंजा इकडे बघून म्हणाला. मग तिकडे बघितले. "निम्मी तुम्ही."

दोन राज्यांचे त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झाले. नाला वादग्रस्त ठरला. वादग्रस्त जागेत निकाल लागेपर्यंत यथास्थिती राखायची असते. मूळ स्थितीत नाल्यात दगड नव्हते, सबब गावाने पाय टेकायला टाकलेले दगडही उचलून नेण्यात आले. निधी वेळेत खर्च झाला, दगड उचलण्यावर.

गर्दीतल्या कोणीतरी पाण्यात बसलेल्या वाघाचा फोटो काढला.

प्रकरण पाचवे : आधुनिक काळ

आषाढात मोहिनीला कळा सुरू झाल्या. झोळी करून चौघांनी उचलली, पुढच्या दांड्याला पुंजा. पाणी छातीला लागले. मधोमध आल्यावर त्याचा पाय जरा अडखळला.

"बाबा," झोळीतून मोहिनी कण्हत म्हणाली, "आता हितं बसू नका."

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या ओट्यावर पुंजा धोतर पिळत बसला होता, तर नर्सबाईने मोबाईल पुढे धरला.

"बाबा, हे तुम्हीच ना? सकाळपासून चार ग्रुपवर आलं."

पट्ट्यापट्ट्यांचा वाघ, डोळे वटारलेले. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'एक इंचही देणार नाही.' पुंजाने फोटो जवळ धरला, लांब धरला, उलटा करूनही पाहिला.

"मीच हाय," तो म्हणाला. "पण नाला कुठं गेला?"

वाघ मोठा दिसावा म्हणून फोटोतून नाला कापला होता. तुम्ही पुढे पाठवलात तेव्हा तो फोटोत होता का, जरा आठवून पाहा.