कूलरपुढची उदबत्ती

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी ठरवूनच टाकलंत की या उन्हाळ्यात आजीकडे ए.सी. बसवायचा. मी "बघू" म्हटलं. ते तसं का म्हटलं, हे कळायला तुम्हाला आमच्या शेजारच्या मनोहररावांची ओळख हवी.

मनोहरराव उदबत्ती लावत, ती देवापुढे नव्हे, कूलरपुढे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे उंच, किडकिडीत गृहस्थ खिशात उदबत्ती आणि काडेपेटी घेऊन अकोल्याच्या भर उन्हात कुणाच्याही घरात शिरायचे. चालू कूलरसमोर उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघायचे. धूर खोलीतच घुटमळला की ओरडायचे, "घर हाय का इडलीपात्र? समोरची खिडकी उघडा!" आणि स्वतःच उघडायचे.

म्हणणं बरोबर असे. कूलर ओली हवा आत ढकलतो, ती बाहेर गेली नाही तर सगळं चिकचिकतं. पण लोकांना वाटे, गारवा पळून जाईल. "वाऱ्याले पाव्हन्यावानी वागवा," ते म्हणत. "या म्हना, अन् जाऊ बी द्या."

तुमच्या आईला बघायला अमरावतीची मंडळी आली, तेव्हा ऐन पोह्यांच्या वेळी हे आत आले, कुणाशी न बोलता उदबत्ती पेटवली आणि कूलरपुढे उभे राहिले. तुमच्या अमरावतीच्या आजींना वाटलं, आमच्याकडे कूलरची पूजा करतात. त्यांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. मी कपाळाला हात लावला. लग्न जमलं, हे तुमचं नशीब.

पुढे गल्लीत एकेक ए.सी. आला आणि दुपारी दारं-खिडक्या बंद होऊ लागल्या. मनोहररावांकडे मात्र कूलरच. "मास्तर विजेचं बिल वाचवतात," लोक हसत. "हाओ, वाचवतो," ते म्हणत. "तुमाले काऊन पोटदुखी?"

त्यांच्या पत्नी कुसुमताई तोवर खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. एका उन्हाळ्यात मुलगा पुण्याहून आला तो ए.सी. घेऊनच.

"बाबा, तुमचं विज्ञान तुमच्यापाशी. आईला कशाला भाजता?"

मनोहररावांनी स्वतःच कूलरचं बटण बंद केलं. ए.सी. लागला, गल्लीकडची खिडकी बंद झाली. मी तिथेच होते. खोली गार पडली आणि आम्हाला वाटलं, कुसुमताईंचा डोळा लागला. त्या एकदम म्हणाल्या, "अवो, गल्लीत कोन वारलं?"

"कोनी नाई."

"मंग भाजीवाली काऊन ओरडली नाई? समोरची सुनेवर खेकसली नाई. खरं सांगा. मले भेव वाटून राह्यलं."

मुलगा हसला आणि मग हसायचा थांबला. मनोहररावांनी उठून ए.सी. बंद केला, खिडकी उघडली. समोरच्या बाई खरोखरच सुनेला बोलत होत्या. कुसुमताईंनी कान दिला आणि समाधानाने कूस बदलली.

"हिले बाहेर नेता येत नाई रे," ते मुलाला हळूच म्हणाले. "बिलाचं काय घेऊन बसले लोकं."

कुसुमताई मागच्या श्रावणात गेल्या. मनोहररावांना आता जेवणाचा डबा येतो. मेथी कोणती नि शेपू कोणता, हे त्यांना आजही कळत नाही. तरी दुपारी भाजीवाली हाक मारते आणि ते आतून एकेका भाजीचा भाव विचारतात. तीही सावकाश सगळे सांगते.

तेव्हा ए.सी. तुमच्याकडेच असू द्या. आमच्या गल्लीत दुपारी अजून दोन खिडक्या उघड्या असतात. एक त्यांची, एक माझी.