मन्सारामकाकांची उशी

जुनी गाडी बघायला जाताना लोक सोबत काय नेतात? कोणी मेकॅनिक नेतो, कोणी मेव्हणा नेतो, एखादा फारच हुशार असला तर मोबाइलवर व्हिडिओ बघून केलेली यादी नेतो. आमचे मन्सारामकाका उशी नेतात.

खरीखुरी उशी. कापसाची, जरा दबलेली, पांढऱ्या अभ्र्यावर हिरवा पोपट भरलेला. ती काखेत मारून काका गाडीपाशी येतात. आधी गाडीभोवती एक फेरी, मग बोनेट, मग खाली वाकून सायलेन्सरची विचारपूस. हे सगळं कोणीही करतं. त्यानंतर मात्र काका मागचं दार उघडतात, चपला बाहेर काढून ठेवतात, सीटवर उशी टाकतात, पाय दुमडून आडवे होतात आणि डोळे मिटून म्हणतात, "चालवा. खराब रस्त्यानं चालवा." त्या वेळी विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. ग्राहक म्हणून आलेला माणूस आपल्या गाडीत दुपारची झोप काढायला आलाय की काय, हे त्याला कळत नाही, आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून विचारायचीही सोय नसते.

मन्सारामकाका गोंदियाजवळच्या गोरेगावला आमच्याच गल्लीत, तिसऱ्या घरात राहतात. एसटीच्या आगारात इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. आता निवृत्त, घरात एकटे. स्वतःची गाडी नाही, कधी नव्हती. एक सायकल आहे, आणि ती इतकी गुपचूप चालते की काका मागे येऊन उभे राहिले तरी पत्ता लागत नाही. तालुक्यात कोणालाही जुनी गाडी घ्यायची असली की आधी काकांना बोलावतात. फी म्हणजे एक प्लेट पोहे, वर झणझणीत रश्शाची तर्री, आणि तर्री दुसऱ्यांदा मागितली तर कपाळाला आठी घालायची नाही.

त्यांच्या कानाबद्दल मी काय सांगू? मी शाळामास्तर. चाळीस पोरांच्या वर्गात कोण बोललं हे मला आजवर ओळखता आलेलं नाही. काकांना चालत्या इंजिनातला बेअरिंगचा कोणता दाणा कुरकुरतो ते बंद खिडकीतून कळतं. एकदा गल्लीतल्या एका लग्नात काकांना मानानं नवरदेवाच्या गाडीत पुढे बसवलं. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. गाडी बाजारातून निघाली आणि काकांनी ती थांबवली. इंजिनाचा कुठलासा पट्टा चिरचिरत होता म्हणे. आम्हा कोणालाच ऐकू येत नव्हता. नवरदेव बाशिंग सांभाळत उन्हात उभा, बँडवाले वाजवून वाजवून दमलेले, मुलीचे काका फोनवर फोन करताहेत, आणि आमचे काका कमरेपर्यंत बोनेटमध्ये. "लगन उद्याही लागते जी," ते आतूनच म्हणाले, "इंजिन बसलं तं उठत नाही." लग्न लागलं, उशिरा लागलं. पट्टा मात्र खरंच अर्धा तुटलेला निघाला, तो काकांनी मांडवात सगळ्यांना फिरवून दाखवला.

जवळच्या बिरसीच्या विमानतळावर वैमानिक व्हायला शिकणारी मुलं छोटी विमानं घेऊन आकाशात चकरा मारत असतात. आपण मान वर करून विमान बघतो, काका मान खाली घालून ऐकतात. त्या विमानांवर त्यांचा फार जीव. कारण विमानाच्या इंजिनाचं वय तासांत मोजतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "किलोमीटर काय सांगते? गाडी किती तास राबली ते सांगा," असं ते प्रत्येक विकणाऱ्याला म्हणतात, आणि विकणारा प्रत्येक वेळी गोंधळतो.

अशा माणसाला मी एक दिवस माझ्या गरजेपोटी धरलं. माझ्या आईची किडनी थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी गोंदियाला न्यावं लागायचं. कधी भाड्याची गाडी, कधी कोणाची मागून आणलेली. जाताना ती कशीबशी बसायची. येताना तिच्यात बसायचंही त्राण नसायचं, मागच्या सीटवर मुटकुळं करून पडून राहायची. एका संध्याकाळी घरी आल्यावर तिनं मला शांतपणे सांगून टाकलं. "आता मी नाही जात बापू. बिमारी नाही मारत मले, रस्ता मारते." मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. आमची आई एकदा भिंतीकडे वळली की वळली.

त्यानंतरचा प्रत्येक फेरा तिला कसाबसा राजी करून व्हायचा. तेव्हा गाडी घ्यायची, स्वतःची घ्यायची आणि लवकर घ्यायची, हे मी ठरवलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती.

काकांनी पहिल्याच दिवशी मला एक धडा दिला. "घेनं एका दिवसाचं राहते गुरुजी, पोसनं जलमाचं." किमतीत त्यांना फारसा रस नव्हता. बैलबाजारात दात बघतात तसे ते टायर बघायचे आणि विचारायचे, खाते किती आणि आजारी पडते किती? त्यांचा एक नियम पक्का होता: जिची क्लच प्लेट गोंदियात मिळत नाही आणि जी खोलायला आपला गोरेगावचा मिस्त्री घाबरतो, ती गाडी कितीही देखणी असो, आपली नाही. तिचा एक सुटा भाग नागपूरहून येईपर्यंत तुम्ही आठ दिवस पायी, असं ते म्हणायचे.

गोंदियातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात आम्ही सुरुवात केली. तिथला मालक प्रत्येक गाडीवर हात ठेवून सांगायचा, "सिंगल हँड है साहब, डॉक्टर साहब की गाडी." गोंदियात डॉक्टर असतील त्याच्या दुप्पट डॉक्टरांच्या गाड्या त्या एका दुकानात होत्या. काकांनी एका डॉक्टरांच्या गाडीची मागची सीट उचलली आणि खालून मूठभर धानाचं भुसकट काढून मालकाच्या तळहातावर ठेवलं. दुसऱ्या गाडीचं मीटर अगदी थोडे किलोमीटर दाखवत होतं. काकांनी ब्रेकच्या पायपट्टीवरचं गुळगुळीत झालेलं रबर अंगठ्यानं चोळलं आणि फक्त हसले. तिसरीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला, तर टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ. पुरात बुडालेली गाडी. मी थक्क होऊन बघत होतो. मालकसुद्धा चौथ्या गाडीपासून डॉक्टर साहेबांचं नाव घेईनासा झाला.

पुढे महिनाभर आम्ही दुकानं पालथी घातली, आणि मग एका दुकानात ती लाल गाडी आली. काय सांगू, उंच, चकचकीत, आत थिएटरसारखे स्पीकर. मी मनातल्या मनात शाळेच्या फाटकातून आतही शिरलो होतो. काकांनी बोनेटला कान लावला आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. "एक नंबर," ते म्हणाले. पार्ट गोंदियात मिळत होते. रबर खरं बोलत होतं. मग ते उशी टाकून आडवे झाले, दुकानाच्या मागच्या कच्च्या रस्त्यानं एक चक्कर झाली, आणि काका उठून चपला घालत म्हणाले, "नाही."

मी कारण विचारलं. "गाडी समोरून नाही समजत गुरुजी, मांगून समजते," एवढंच म्हणाले. हे वाक्य ते नेहमीच म्हणत. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी त्यांना नको ते बोललो. म्हटलं, काका, महिनाभर तुम्ही लोकांच्या गाड्यांत झोपा काढताय आणि इकडे माझ्या आईचे दिवस जाताहेत. बोललो आणि लगेच जीभ चावली. काकांनी उशी झटकली, काखेत मारली आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले.

मला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी सकाळी ते दारात उभे होते, नेहमीप्रमाणे आवाज न करता. बिरसीला एक निवृत्त पोस्टमास्तर आपली गाडी विकायला काढून राहिलेत, म्हणाले.

ती गाडी पाहून मला रडू यायचं बाकी होतं. राखेच्या रंगाची, एका दाराला पोचा, रेडिओच्या जागी नुसतं भोक. पोस्टमास्तर प्रामाणिक होते. क्लच प्लेट आणि बॅटरी बदलावी लागेल, हे त्यांनी न विचारता सांगितलं. काकांनी खर्चाचा अंदाज बोटांवर बांधला, मान हलवली आणि आडवे झाले. मी गाडी चालवायला बसलो, पोस्टमास्तर माझ्या शेजारी. धानाच्या बांध्यांमधून जाणारा, मुरूम उखडलेला रस्ता होता. डोक्यावर विमान घरघरत होतं. एक चक्कर मारली, दुसरी मारली. मागून काही सूचना येईना. मी वळून पाहिलं, तर काकांचं तोंड उघडं आणि ते घोरत होते.

पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना? मी गाडी थांबवली तेव्हा काकांना जाग आली. इकडे तिकडे बघत, जरा ओशाळत ते म्हणाले, "घेऊन टाका."

गाडीची दुरुस्ती काकांनी स्वतः उभं राहून करून घेतली. पहिल्या दिवशी गोंदियाला निघताना ते उशी घेऊन हजर. ती त्यांनी मागच्या सीटवर ठेवली, आईला तिच्यावर डोकं टेकवायला लावलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसले. गाव मागे पडलं. आई पडल्या पडल्या गालाखालच्या अभ्र्यावरून बोट फिरवत होती. तिला गप्प राहणं कधीच जमलेलं नाही.

"कोनं भरला जी हा पोपट?" तिनं विचारलं. "याची चोचही हिरवीच काऊन?"

"लाल दोरा सरला होता तिचा," काका म्हणाले.

त्यांच्या बायकोबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती फार वर्षांपूर्वी गेली. पुढचं त्यांनी समोरच्या काचेकडे बघत सांगितलं. बायकोचं पोट दुखायला लागलं तेव्हा त्यांनी गावातली एक जीप काढली होती. तिचं इंजिन आदल्याच आठवड्यात काकांनी स्वतः बांधलं होतं. बायको मागे पडलेली, काका पुढे. गोंदियापर्यंत इंजिन असं चाललं, असं चाललं की काका खुशीत नुसते ऐकत बसले. पुढे ऑपरेशन झालं, ती घरी आली, तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेनं तिला विचारलं, जीप कशी पळाली?

"थे म्हने, इंजिनाचं मले काई मालूम नाही. खड्डे सत्तावन होते. चार महिन्यानं गेली थे. मी मिस्तरी मानूस. इंजिनात बारीक दाना वाजला तं ऐकू येते मले. थे मांगं ओठ दाबून सत्तावन खड्डे मोजून राहिली होती, थे नाही ऐकू आलं."

लोकांच्या गाड्यांत झोपा काढता, असं मी या माणसाला म्हणालो होतो. लाज वाटली, आणि आजही वाटते.

मागून आईचा आवाज आला. "एक बी नाही झाला अजून. बसला कुठं खड्डा?"

काका सीटवर पूर्ण मागे वळले. सीटबेल्ट गळ्यात अडकला तो एका हातानं धरून ठेवला, आणि आईकडे बघत तसेच बसले. तेवढ्यात पुढून चिरचिर आवाज सुरू झाला. हा मलासुद्धा ऐकू येत होता, म्हणजे चांगलाच मोठा असणार. नवरदेवाची वरात आठवून मी गाडी बाजूला घेऊ लागलो आणि म्हटलं, काका, इंजिनाचा पट्टा वाजतोय.

"वाजू द्या," ते म्हणाले. "तुमी खड्डा पाहा."

गोंदिया येईपर्यंत त्यांनी एकदाही समोर पाहिलं नाही.