मधली खुर्ची

चनबसप्पा मेलेल्या माणसाच्या फोटोतसुद्धा घुसायचा.

खोटं वाटेल, म्हणून सांगतो. माझा फोटोचा स्टुडिओ सोलापुरात मंगळवार पेठेत होता, आणि त्या काळी घरातलं कुणी वडीलधारं गेलं की उचलायच्या आधी फोटोवाल्याला बोलावणं यायचं. हयातीत फोटो काढायला कुणाला सवड नसायची. गेलेल्या माणसाला भिंतीशी टेकवून बसवायचं, कपाळाला विभूती लावायची, दोन्ही बाजूंना मुलं-सुना बसवायच्या. असंच एकदा एका भुसाऱ्याच्या घरी मी काळ्या फडक्यात डोकं घालून कॅमेऱ्याच्या काचेवर पाहतो, तर मयताला खेटून, थोरल्या मुलाच्या जागेवर, डोक्याला जरीचा रुमाल बांधून चनबसप्पा बसलेला. थोरला मुलगा रडून बेजार झाला होता, त्याला कसलं भान नव्हतं. फोटो घरी पोचल्यावर मात्र तो मला विचारायला आला, "वडील ओळखले. त्यांच्या शेजारी हे कोण?" त्या फोटोत सगळ्यांत टवटवीत चेहरा चनबसप्पाचाच होता.

धंद्यानं तो लुगड्यांचा दलाल. विणकरांकडून माल उचलायचा आणि पेठेतल्या दुकानांत घालायचा. घरची भाषा कानडी, बाजारात मराठी, विणकरांशी मोडकीतोडकी तेलुगू. पण कुठल्याही भाषेत त्याचं पहिलं वाक्य एकच असायचं. "जरा सरका की." लग्न असो, मुंज असो, बदली झालेल्या पोस्टमास्तरचा निरोप असो, ओळीनं खुर्च्या मांडलेल्या दिसल्या की हे वाक्य ऐकू यायचं आणि मधली खुर्ची भरायची. लग्नात मुलीकडच्यांना वाटायचं हा मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचा, आणि दोघंही त्याला अदबीनं पान द्यायचे. आजही सोलापुरात अशी घरं असतील, जिथं नातवंडं भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून "हे कोण?" म्हणून विचारतात आणि आजी ठोकून देते, "लांबचे काका."

आणि तयारी काय विचारता. जरीचा रुमाल, काळा कोट, चांदीच्या मुठीची काठी, आणि कोटावर एक पदक. ते पदक जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाला मिळालेलं होतं. चनबसप्पानं ते जुन्या बाजारात विकत घेतलं. मी म्हणालो, "अण्णा, यावर बैलाचं चित्र आहे." तर म्हणाला, "फोटोत कुटं दिसतंय? पदक दिसलं की झालं."

स्वतःला तो कधी 'मी' म्हणाला नाही. आपण आलो, आपण बसलो, आपण बसल्याबिगर फोटोला वजन येत न्हाई. लग्न त्यानं केलं नव्हतं. पेठेत म्हणायचे, लग्नाच्या फोटोत बायकोबरोबर मध्य वाटून घ्यावा लागतो, ते त्याला परवडणारं नाही. घरी एकटाच राहायचा. भिंती फोटोंनी भरलेल्या, आणि प्रत्येक फोटोत तोच. एकदा मी वैतागून विचारलं, "अण्णा, हा कसला हव्यास तुम्हाला?"

"फोटोमास्तर," तो शांतपणे म्हणाला, "माणूस मागं काय ठेवतंय? फोटो. जो फोटोत न्हाई, तो नव्हताच."

मला त्याचा वीट आला होता, हे कबूल करायला हरकत नाही. गिऱ्हाईक माझ्यावर चिडायचं. शेवटी मी त्याला वेळ चुकीची सांगायला लागलो. दुपारचा फोटो असला की संध्याकाळचा सांगायचा. तर हा सकाळपासूनच येऊन बसायचा.

एवढं मात्र मान्य करतो, की फोटो काढून घ्यावा तर त्यानंच. मी कॅमेऱ्याचं टोपण काढून परत बसवीपर्यंत चनबसप्पाची पापणी लवायची नाही. नाकावर माशी बसली तरी दगड. माझ्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत न हललेला माणूस मी तो एकच पाहिला.

पुढं त्याच्या मनानं घेतलं की स्वतःचाच सत्कार व्हावा. पेठेतल्या मुलींच्या शाळेला पाण्याचा हौद नव्हता. चनबसप्पानं हौद बांधून दिला, अट एकच घातली. उद्‌घाटनाचा फोटो शाळेच्या कचेरीत लागला पाहिजे, आणि त्यात मधली खुर्ची आपली. म्हणजे या खेपेला कुणाला सरकवायचं कामच नव्हतं. दोन महिने आधीपासून तो रोज माझ्याकडे येऊन ऊन कुठल्या बाजूनं असेल ते विचारत होता. "आजवर लोकांच्या फोटोत आपण बसलो. आता आपल्या फोटोत लोक बसनार," असं म्हणायचा आणि स्वतःच खूश व्हायचा.

तो दिवस आला तो वारं घेऊनच. मैदानात मी दोन बांबूंना माझा रंगवलेला पडदा ताणला होता. त्यावर संगमरवरी खांब, जिना, कारंजं. पडद्यामागं शाळेची भिंत आणि भिंतीला थापलेल्या गोवऱ्या. मध्ये चनबसप्पा, एका हाताला हेडमास्तर, दुसऱ्या हाताला प्रमुख पाहुणे म्हणून आलेले निवृत्त मामलेदार. पहिल्याच खेपेला वावटळ आली आणि पडदा संगमरवरी खांबांसकट मामलेदारांच्या पगडीवर येऊन बसला. ज्या काचेवर फोटो उठायचा, ती काच वाया गेली. माझ्याजवळ आता एकच काच उरली होती, आणि मामलेदारांना गाडी गाठायची होती.

असं वारं असलं की पडदा मागून कुणीतरी धरावा लागतो. धरणाऱ्याची बोटं पडद्याच्या कडेला फोटोत येतात. ती मी नंतर काचेवर पात्यानं खरवडून घालवतो. धंद्यातली साधी गोष्ट आहे.

शाळा झाडणारी यल्लव्वा बाजूला उभी होती. शाळेतल्या सगळ्यांचा फोटो निघणार असं तिनं ऐकलं होतं, म्हणून ठेवणीतलं इरकल नेसून, डोक्याला तेल लावून, अबोलीचा गजरा घालून आली होती. हेडमास्तरांनी तिला हाक मारली, "यल्लव्वा, मागं जाऊन पडदा धर बघू. तू काय, घरचीच की."

ती मुकाट्यानं मागं गेली. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. गोड आवाजात बोलले होते.

मी फडक्यात डोकं घातलं. आमच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. तर उलटा चनबसप्पा मान वळवून मागं बघत होता. पडद्याच्या कडेला यल्लव्वाची बोटं आली होती, तो त्यांच्याकडे बघत होता. मग तो उठला.

"अण्णा, बसा," मी ओरडलो. "ऊन चाललंय."

तो पडद्यामागं गेला. "मुंद बा, यव्वा," असं कानडीत म्हणाला. पुढं ये. आणि तिला हाताला धरून पुढं घेऊन आला.

"पडदा पडेल की," हेडमास्तर म्हणाले.

"पडू दे."

"मागं गोवऱ्या दिसतील, चनबसप्पा. कचेरीत लावायचा फोटो आहे."

"गोवऱ्याबी शाळंच्याच हायत की. खुर्ची आना एक."

खुर्ची आली. आता चनबसप्पा आपली खुर्ची तिला देईल आणि मागं उभा राहील, असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. मधल्या खुर्चीत तोच बसला. फक्त मामलेदारांकडे वळून म्हणाला, "साहेब, जरा सरका की." इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य, पण दुसऱ्यासाठी ते बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. मामलेदार इतके चकित झाले, की खरोखरच सरकले. त्यांच्या आणि चनबसप्पाच्या मध्ये यल्लव्वा बसली, खुर्चीच्या अगदी कडेला, जवळजवळ अधांतरी.

मी टोपण काढलं. पडदा मागच्या मागं जमिनीवर पडला. आणि जन्मात कधी न हललेल्या चनबसप्पानं यल्लव्वा नीट बसली का ते बघायला नेमकी मान वळवली.

काच धुतल्यावर मी कपाळाला हात लावला. गोवऱ्या सुरेख आल्या होत्या. मामलेदारांचा राग स्पष्ट आला होता. यल्लव्वाच्या गजऱ्यातलं फूल न्‌ फूल मोजता येत होतं. आणि मधल्या खुर्चीत बैलाचं पदक, आणि त्याच्यावर चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी आधीच सांगून टाकलं, "अण्णा, तुम्ही हललात. दुसरी काच नव्हती."

त्यानं फोटो उजेडाला धरला. "ती नीट आली की," म्हणाला. "झालं मग."

मला राहवलं नाही. "दोन महिने वाट पाहिलीत, आणि ऐन वेळी हे काय केलंत?"

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक जुना फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. अंगण, मागं पडदा. फेटेवाला गृहस्थ, बायको, ओळीनं मुलं, एक गडी, कडेला म्हैस.

"आई-बाप पिलेगात गेलं. मामानं हिकडं आनलं. हे मामाचं घर. फोटोवाला येनार म्हणून आपन नवी टोपी घालून सकाळधरनं हुभं. वारं सुटलं. मामा म्हनला, चन्या, पडदा धर रं, तू काय, घरचाच की." त्यानं फोटोतल्या म्हशीवर बोट ठेवलं. "म्हशीला घेतलं बगा."

मी फोटो जवळ ओढला. मुलं मोजली, पुन्हा पाहिलं. चनबसप्पानं पडद्याच्या उजव्या कडेला नख टेकवलं. तिथं चार बोटं होती, लहान मुलाची.

"हे आपन," तो म्हणाला. "फोटोवाला आळशी व्हता, बरं झालं. बोटं तेवढी ठिवली त्यानं."

मला वाईट वाटलं. टेबलावर माझं पातं पडलं होतं, ते मी उगाच खणात ठेवलं.

त्यानं फोटो पुन्हा फडक्यात गुंडाळला, आतल्या खिशात घातला, रुमाल सारखा केला, काठी उचलली. दारात जाऊन वळला.

"उद्या पेठंतल्या एका वकिलाच्या घरी बारशाचा फोटो हाय म्हनं. कधी यायचं?"

मी वेळ सांगितली. खरी सांगितली.