अवेळी टोला

"सरपंच, शिक्का तेवढा मारा. बोट सुटेल हो माझी!" तुलिमा तिसऱ्यांदा म्हणाली.

तिकडे न्यूझीलंडला लेकीचे दिवस भरत आले होते. पासपोर्टच्या अर्जावर सरपंचांचा शिक्का हवा होता, आणि अर्ज देण्याचा शेवटचा दिवस उद्या, तोही राजधानीत, आपियात. जिल्ह्याच्या साऱ्या कचेऱ्या या बंदरगावात होत्या, नेमकी पासपोर्टची तेवढी नव्हती. सरपंच तुइलोमा मात्र तिच्या मेहुण्याच्या गळवाची चौकशी करत बसले होते. कारकून लानुओला गालातल्या गालात हसत होती.

धक्क्यावर भोंगा झाला. बोटीचा कप्तान याच गावचा, पण सख्ख्या आईसाठीही थांबत नसे. थांबे तो फक्त सांजप्रार्थनेच्या टोल्याला; तो झाला की सुटीचा टोला होईपर्यंत गावात कुणी काम करायचं नाही की रस्त्यावर यायचं नाही, नाहीतर एक डुक्कर दंड. तुलिमा हळूच अंगणात गेली. गावची घंटा म्हणून झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या टाकीवर तिने लोखंडी दांडा हाणला. ठण्ण! बोटीचं इंजिन गप्प झालं.

ती खुशीत आत आली. बघते तो शिक्का खणात आणि सरपंचांचे डोळे मिटलेले.

"अहो, आत्ताशी साडेतीन वाजलेत!"

"टोला झाला ना? आता काम केलं तर मलाच डुकराचा दंड. बस खाली."

तुलिमाने सर्वांत छोटं स्तोत्र धरलं. सरपंचांनी सर्वांत लांब. प्रार्थना आटोपली, तरी सुटीचा टोला काही होईना. टोले देणारा म्हातारा पेसेगा रस्त्यापलीकडे घरात अडकला होता, आणि रस्त्यावर पहाऱ्याचे तरुण उभे.

"सोडा रे मला!"

"आधी सुटीचा टोला होऊ दे, आजोबा."

"अरे, तो मीच देतो ना!"

"मग द्या की! फक्त रस्त्यावर पाय ठेवू नका."

चारला पाच कमी. चारला कचेरी बंद. टोला द्यावा तर चोरी उघडी पडते, न द्यावा तर नातवंडाचं तोंड दिसत नाही. तुलिमा उठली. ठण्ण!

सरपंच धावत बाहेर आले. "म्हणजे मघाचाही तूच? एक डुक्कर दंड! आणि तो फिटेपर्यंत गाव सोडायचं नाही!"

शेजारच्या चर्चमधून पाद्रीबाबा आले होते. तुलिमाने त्यांना हळू आवाजात विचारलं, "बाबा, मघाची प्रार्थना खोटी होती का हो?"

"छे! प्रार्थना कधी खोटी असते होय?"

"मग खऱ्या प्रार्थनेचा टोला खोटा कसा?"

पाद्रीबाबांनी मान खाजवली. "सरपंच, बाईचं चुकत नाही."

"म्हणजे आजची सांजप्रार्थना झाली?" पेसेगा ओरडला. "मी चाललो मासे धरायला!" त्याच्यामागून पहाराही पसार झाला.

धक्क्यावर बोटीचं इंजिन पुन्हा सुरू झालं. सरपंचांनी मुकाट्याने खण उघडला. "काय लिहिलंय गं यात? वाच."

लानुओलाने वाचलं, "'अर्जदार बाई शांत स्वभावाच्या असून गावाचे सर्व नियम काटेकोरपणे पाळतात, हे मी स्वानुभवाने प्रमाणित करतो.' पुढे अजून एक ओळ आहे, खोटं प्रमाणित करणाऱ्याच्या दंडाची."

"ती नको वाचूस," सरपंच म्हणाले आणि त्यांनी घाईघाईने शिक्का मारला.