मन्मथअप्पांची हजेरी

माझे शेजारी मन्मथअप्पा रोज पहाटे साडेपाचला स्वतःच्या अवयवांची हजेरी घेतात. ओट्यावर मांडी घालून, एकेकाचं नाव पुकारून, खणखणीत आवाजात.

"डोळे?"

"हाजिर."

"गुडघे?"

"येक हाजिर. दुसरा कुरकुर करतोय, पन हाजिर."

पुकारणारे अप्पाच आणि ओ देणारेही अप्पाच. मला हे कळायला चार दिवस लागले, आणि त्यात माझी चूक म्हणाल तर ती माझ्या नोकरीची. मी उमापूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बदली परळीजवळच्या एका खेड्यात झाली म्हणून परळीत या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. पहिल्याच पहाटे अर्धवट झोपेत खिडकीतून "डोळे... गुडघे..." असं ऐकू आलं आणि मी कूस बदलून स्वतःशी म्हटलं, शेजारचे आजोबा शिकवणी घेतात वाटतं. आता आपल्याकडे डोळे आडनावाची मुलं असतात, गुडघे आडनावाची असतात. माझ्याच वर्गात एक पोटे आणि दोन दाते होऊन गेलेत. चौथ्या दिवशी मी चौकशीला गेले. अप्पा पायाला तेल चोळत बसले होते.

"तुमच्याकडे कितवीपर्यंतची मुलं येतात?" मी विचारलं.

"कसली मुलं?"

"म्हणजे, तो गुडघे कितवीत आहे?"

अप्पांनी आपल्या गुडघ्याकडे निरखून पाहिलं. "ह्यो? ह्येला अठ्ठ्याहत्तरावं चालू हाय, बाई."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "बाई" झाले ती झालेच.

अप्पा एका साखर कारखान्यात हजेरी कारकून होते. जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारली, निवृत्त झाल्यावर पुकारायला कुणी उरलं नाही. बायको कधीच गेलेली, मुलगी सासरी हैदराबादला. मग घरात जे जे म्हणून शिल्लक होतं त्याचीच हजेरी सुरू झाली. त्यांचा एक नियम होता. "हाजिर म्हनलं की त्याला कायतरी द्यावं लागतंय. नुस्तं नाव घिऊन सोडायचं तर नाव घ्यावं कावून?" म्हणून डोळ्यांना गार पाण्याचे हबके, गुडघ्यांना करडईचं कोमट तेल, पोटाला तांब्याभर पाणी, तेही घोटघोट. खांद्याला काही द्यायचं सुचलं नाही तर दुसऱ्या हाताने थोपटून "शाब्बास रे" म्हणत. स्वतःच्या खांद्याला इतक्या मनापासून शाबासकी देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

गैरहाजिर हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघायचा नाही. डावा कान ऐकत नव्हता, तो "रजेवर". दातांपैकी चौदा हाजिर, "बाकीचे पेन्शनीत".

सगळ्यात शेवटी ते मनाची हजेरी घेत. "मन?" असं म्हणून डोळे मिटत आणि गप्प बसत. लांबून रेल्वेचा भोंगा यायचा. आमच्या परळीत पहाटे हवेतून वीज केंद्राची राख उतरते, ओट्यांवर, पायऱ्यांवर, तुळशीवर तिचा पातळ थर बसतो. त्या करड्या उजेडात अप्पा नुसते बसून राहत. मी खिडकीशी उशीवर हनुवटी टेकून बघत असे, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मला आपण जागे आहोत की झोपेत हे कळत नसे. कधी दोन मिनिटं, कधी दहा. मग ते हळूच म्हणत, "आलं."

"कुठं गेलं होतं?" मी एकदा खिडकीतूनच विचारलं.

"नदीला गेलतं. लहानपनी पवायचो तितं. लई गार पानी हुतं, त्याला निघूच वाटंना."

"मग ओढून आणायचं!"

"वढून आनल्यालं मन दिसभर तोंड फुगवून बसतंय. त्याचं त्याला येऊ द्यावं."

मन आलं की अप्पा हातात फडकं घेऊन गल्लीकडे वळत. गल्लीतली सरूमावशी माळवं, म्हणजे भाजीपाला, विकते. तिचं नाव पुकारायचं, तिने आतून "हाय, हाय" म्हणायचं, की अप्पा तिच्या हातगाड्यावरची राख पुसून देत. समोरचे मुनीरभाई टेलर "जी, हाजिर!" म्हणत बाहेर येत. त्यांना अप्पा सुईत दोरा ओवून देत. म्हणजे अप्पा सुई धरत, मुनीरभाई दोरा धरत, आणि दोघांच्या मिळून चार अधू डोळ्यांपुढे ते छिद्र काही थांबत नसे. "तुमी हलू नका", "मैं कहाँ हिला, तुमी हललात," असं चालायचं. मुनीरभाईंच्या घरात सून होती, तिने हे काम एका क्षणात केलं असतं. पण मुनीरभाईंनी तिला कधी सांगितलं नाही.

महिन्याभरात माझंही नाव त्या हजेरीत लागलं. "बाई?" अशी हाक यायची आणि मी पांघरुणातून "हाजिर" म्हणायचे.

"पानी पेलात का, का उपाशी पोटी च्या?"

"पाणी प्यायले."

"खोटं. पेला वाजला न्हाई."

त्यांचा उजवा कान भलताच हाजिर होता. मी एकटी राहणारी. रात्रीच्या शिळ्या भाकरीवर दिवस काढायचे, टाचा फुटून रक्त यायचं तरी बघायचे नाही. अप्पांच्या धाकाने मी सकाळी पाणी पिऊ लागले, मग टाचांना तेल लावू लागले, मग एक दिवस दरवाजा बंद करून स्वतःच्या खांद्याला "शाब्बास" म्हणून पाहिलं. हसू आलं, पण बरंही वाटलं. आई फोनवर म्हणाली, तुझा आवाज आता बरा येतोय.

या सगळ्यात एक नाव मला उलगडत नव्हतं. सगळी गल्ली संपली की अप्पा आवाज अगदी खाली आणून म्हणत, "लिंबाजी?" थोडं थांबत. मग स्वतःच म्हणत, "रजेवर." मला वाटलं, पडलेल्या एखाद्या दाताचं नाव असेल. अप्पांचा काय नेम!

एका रविवारी मी शाळेचं हजेरीपुस्तक घरी आणून ओट्यावर काम करत बसले होते. अप्पा शेजारी येऊन टेकले. जुन्या धंद्याची वस्तू पाहून त्यांचे डोळे लकाकले. पानावरून बोट फिरवता फिरवता ते एका मुलीच्या नावापाशी थांबले. पुढे ओळीने गैरहजेरीच्या नऊ फुल्या होत्या.

"ही कुटं हाय?"

"आईबाप ऊसतोडीला गेलेत. तीही गेली असेल त्यांच्याबरोबर."

"आसंल?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "इचारलं का कुनी जाऊन?"

अप्पांचं बोट फुल्यांवरच राहिलं. मग त्यांनी लिंबाजी कोण ते सांगितलं. कारखान्याच्या चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा कामगार. त्याचं मागंपुढं कुणी नव्हतं.

"तीन दिस आला न्हाई. मी तीन फुल्या मारल्या. म्हनलं, गावाकडं गेला आसंल. आमच्या दोघांत येक भित्ताड, बाई. चौथ्या दिशी दार लोटलं तर तापानं फनफनून पडल्याला. पान्याचा तांब्या हातापून वीतभर लांब हुता. दवाखान्यात नेला, पन उशीर झालता." त्यांनी पुस्तक मिटलं. "फुली मारायला काय लागतंय? मी मारली आन च्या प्यायला गेलतो."

मग म्हणाले, "मला मरायचं भ्याव न्हाई. कुनी न इचारता पडून ऱ्हायचं लई भ्याव हाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. ती कुठेच गेली नव्हती. आजीजवळ होती, पायात काटा मोडून सुजलेला पाय घेऊन दारात बसलेली. मला बघून इतकी हसली की मला माझीच लाज वाटली. अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "मग तिला काय दिलं?" मी म्हटलं, दवाखान्यात नेऊन काटा काढून आणला. अप्पांनी माझा खांदा थोपटला.

मग थंडी उतरता उतरता एक सकाळ अशी आली. मला झोपेत हजेरी ऐकू येत होती. अप्पा पुकारत होते, माझ्या वर्गातली मुलं ओ देत होती, नदीचं पाणी ओट्याला लागलं होतं आणि मीही "हाजिर" म्हटलं. स्वतःच्याच आवाजाने जाग आली. खिडकीत ऊन होतं. बाहेर सामसूम. मी पाहिलं तर अप्पांच्या ओट्यावरची राख जशी पडली तशी होती. तिच्यावर ना बैठकीची खूण, ना बोटाची.

मी अनवाणीच धावले. एक भिंत, एवढंच डोक्यात होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अप्पा खाटेवर बसले होते, गळ्याला मफलर, चेहरा ओशाळलेला. त्यांनी तोंड उघडलं, घशातून नुसती हवा आली. आवाज बसला होता. माझा जीव भांड्यात पडला आणि मागोमाग रागही आला. मागून मुनीरभाई येऊन पोचले होते. ते म्हणाले, "कल शाम को बर्फ टाकून रसाचे दोन गिलास मारले इन्होंने. मी नको म्हनलो." जन्म साखर कारखान्यात काढला तरी उसाच्या रसाचा सोस काही सुटला नव्हता.

मी मिठाचं गरम पाणी केलं, गुळण्या करवल्या. अप्पा सारखे बाहेर बोट दाखवत होते. हजेरी राहिली होती. मग आम्ही दोघांनी त्यांना ओट्यावर आणलं. मी राख पुसली, त्यांना बसवलं आणि वर्गात उभी राहते तशी समोर उभी राहिले.

"डोळे?"

अप्पांनी डोळे मिचकावले.

"गुडघे?"

एक आपणहून उचलला, दुसरा हाताने धरून दाखवला. हातगाडा सोडून आलेली सरूमावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. डाव्या कानाला रजा दिली, दात चौदा भरले. "मन?" म्हटल्यावर मात्र कुणी हसलं नाही. आम्ही सगळे थांबलो. गाडीचा भोंगा वाजून गेला. बऱ्याच वेळाने अप्पांनी छातीवर हात ठेवून मान हलवली.

मग सरूमावशी, मग मुनीरभाई, मग मी माझंच नाव घेऊन मीच हाजिर म्हटलं. शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, "लिंबाजी?" थांबले. "रजेवर." अप्पांनी डोळे मिटले.

मुनीरभाई उठायला लागले आणि मी सवयीने, रोज वर्गात विचारते तसं विचारून गेले, "कुणाचं नाव राहिलं का?"

माझं मलाच उमगलं. इतक्या महिन्यांत हे एक नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.

"मन्मथअप्पा?"

अप्पांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. कोणाला बोलावतायत म्हणून. तिथे कुणी नव्हतं.

"आवं, तुमालाच बोलवत्यात," सरूमावशी म्हणाली.

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, आवाज नाही. मग माझ्या पहिलीतल्या मुलांसारखा त्यांनी हात वर केला, एक बोट ताठ करून, आणि तो खाली घ्यायचं विसरून गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसायचं विसरले.

हाजिर म्हटल्यावर काहीतरी द्यावं लागतं, हा त्यांचाच नियम. मी तेलाची वाटी उचलली, त्यांच्या मागे बसले आणि टाळूवर तेल घातलं. त्यांना मान टेकवायची सवय नव्हती, ते ताठच बसले. मी हळूहळू चोळत राहिले. थोड्या वेळाने डोकं जड होऊन माझ्या हातावर आलं आणि आतून, फाटक्या आवाजात, पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

"हाजिर."