साबळे सरांचा पोपटी शर्ट

आमच्या मिरजगावात कुणी साबळे सरांचं घर विचारलं, तर घर कुणी सांगत नाही. "पोपटी शर्ट दिसला की हाक मारा," एवढंच सांगतात. एकाच ताग्यातून त्यांनी सगळे शर्ट शिवून घेतलेत. लग्न असो, दहावा असो, सर पोपटीच!

विज्ञानाचे मास्तर म्हणून रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. घरात ते आणि थोरली बहीण, अक्का. आईबाप लवकर गेले, तेव्हा अक्कांनीच त्यांना वाढवलं; त्यांच्यासाठी सर अजून बाळूच. हल्ली त्या बाहेर दिसत नाहीत. सरांचा वर्ग भरतो तो आम्हा शेजाऱ्यांचा. दर पावसाळ्याच्या तोंडाला ते फ्लूच्या लसीसाठी आमच्या मागे लागतात.

"सर, गेल्या वर्षी घेतली की!" मी एकदा कुरकुरलो.

"औंदा विषाणूनं अंगरखा बदललाय! अंगातले पहारेकरी अंगरख्यावरून वळखत्यात. वळख पटली पायजे!"

"लईच हुशार की मग."

"हुशार कसला, गबाळा हाय! स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. बऱ्याच चुका वाया जात्यात. पन एखाद्या चुकीनं अंगरखा असा बदलतो की पहारेकरी फसत्यात. मग त्योच गावभर पसरतो."

"तुम्हीही बदला की एकदा अंगरखा!"

एरवी खो-खो हसणारे सर त्या दिवशी हसले नाहीत.

पण मीही हट्टी. माझ्या मुलीच्या लग्नात आहेराचा पांढरा शर्ट शिवूनच आणला, मांडवात त्यांच्या अंगावर चढवला आणि बुंदीचा डबा घेऊन मीच त्यांना घरी सोडायला गेलो. कडी वाजवली. अक्कांनी दार किलकिलं केलं.

"कोन पायजे?"

"अक्का, मी."

"बाळू घरी न्हाई. लग्नाला गेलाय." दार बंद.

सर शांतपणे म्हणाले, "चेहरा ऱ्हात न्हाई आता तिच्या ध्यानात. रंग तेवढा ऱ्हायलाय."

त्यांनी अंगणातल्या दोरीवरचा ओला पोपटी शर्ट काढला, अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पुन्हा कडी वाजवली.

"आलास व्हय बाळू? आत्ताच कुनी पांढरा शर्टवाला येऊन गेला बघ." अक्कांनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि पदरानं शर्ट टिपायला लागल्या. "भिजलास कुटं रं? सर्दी व्हईल की."

"न्हाई व्हत अक्का, लस घेतलीया," सर म्हणाले.

सर्दीवर ती लस चालत नाही, हे त्यांनीच मला कितीदा तरी बजावलं होतं.