'कंबर' लिहिलेली बाटली

लेबल लावलं की घोटाळा होत नाही, असं गोदामाचा स्टोअरकीपर छातीठोकपणे सांगे. सगळे त्याला लेबलराव म्हणत. घरीही तेच! मिठावर 'मीठ', साखरेवर 'साखर'.

"माझ्याही कपाळावर चिकटवा एक," बायको म्हणे. "मी कोण, ते तरी आठवेल!"

तिचंही चुकत नव्हतं. कित्येक महिने दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपत होती. कारण फक्त त्याला ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

शेवटी पॅकिंगमधल्या मित्राने आपल्या गोळ्यांची अर्धी पट्टी त्याच्या हातात कोंबली.

"डॉक्टरला विचारू का?"

"कशाला? नसत्या चौकशा करतो! फक्त छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्याने ही घ्यायची नाही. ब्लडप्रेशर धाडकन उतरतं, माणूस जातो!"

लेबलरावाने गोळ्या बाटलीत भरल्या. बिनलेबलाची बाटली घरात ठेवायला हात धजेना आणि खरं नाव लिहायची सोय नव्हती. मग सुबक अक्षरात लिहिलं, 'कंबर'. तिथलाच आसपासचा मामला!

गोळी घ्यायचा धीर होण्याआधीच सासरे मुक्कामाला आले. हृदयाचे जुने रोगी. जिभेखालची गोळी कायम खिशात. दुपारी ते खुशीत म्हणाले, "जावईबापू, शिस्त असावी तर तुमच्यासारखी! कंबर धरली होती, कपाट उघडलं, बाटली समोरच!"

"घेतलीत?"

"दुखणं जुनं आहे. दोन घेतल्या."

सांगावं? सासऱ्यांना?

"पाणी भरपूर प्या," लेबलराव म्हणाला.

तासाभरात सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी छाती दाबून धरली. बायकोने धावत येऊन त्यांच्या खिशातली गोळी काढली. "बाबा, जीभ वर करा!"

"थांब!" लेबलरावाने तिचा हात धरला. "ती देऊ नकोस! त्यांनी घेतली ती कंबरेची नव्हती!"

"मग कशाची होती?"

"माझी होती."

"तुमच्या कशाची?"

"बोला हो," सासरे कण्हले, "मी चाललोय!"

"नवरा-बायकोची!" लेबलराव ओरडला.

मग बायकोनेच अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

हॉस्पिटलमध्ये त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोळीचं नाव, किती, कधी. डॉक्टरांनी दुसरी औषधं चालू केली. "सांगितलंत म्हणून वाचले. पण तासभर गप्प का होतात?"

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला.

"तुम्हाला कुणी लिहून दिली होती?"

"पॅकिंगवाल्याने."

बाहेर बायको त्याच्या शेजारी बाकावर बसली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं, मीच नकोशी झालेय."

तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि "आता तुम्हालाही तपासू," म्हणत दंडाला पट्टा आवळला. आकडा बघून ते गंभीर झाले. "इतकं ब्लडप्रेशर? तपासण्या होईपर्यंत घरी जायचं नाही. तुमचा त्रासही यातूनच आला असेल. आधी आला असतात तर!"

रिकामी खाट एकच होती, सासऱ्यांच्या शेजारची. लेबलराव तिच्यावर आडवा झाला आणि हळूच म्हणाला, "आता बरं वाटतंय ना, बाबा?"

सासऱ्यांनी डोळे उघडले, त्याला नीट पाहिलं आणि हाक मारली, "सिस्टर, मधला पडदा ओढा!"